मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर साडेबारा हजार किलोमीटर, मग विमानाला सोळा तास का लागतात?

कोलशेतवासी, ठाणे (प्रश्न)

नमस्कार. माझे आई-बाबा येत्या जानेवारीत माझ्या धाकट्या बहिणीकडे न्यूजर्सीला जाणार आहेत. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे आणि आईच्या गुडघ्यांचा त्रास असा आहे, की एका जागी फार वेळ बसली की उठताना तिला आधार लागतो. तिकिटे काढण्याची जबाबदारी माझ्यावर असल्याने मी अंतराचा आणि वेळेचा हिशेब मांडून पाहत आहे, परंतु तो काही केल्या जुळत नाही.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सगळीकडे १२,५०० किलोमीटरच्या आसपास दिलेले आहे. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर चौदा तासांच्या आत पोहोचायला हवे. प्रत्यक्षात थेट विमानाची वेळ मला जाताना सुमारे १६ तास आणि परत येताना साडेचौदा तास अशी दाखवली गेली. दोन्ही वेळा विमान तेच आणि अंतरही तेच असताना येण्याजाण्यात दीड तासाचा फरक का पडावा?

दुसरी शंका मार्गाची आहे. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला, थोडेसे वर दिसते. म्हणजे अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून सरळ जायला हवे. मात्र अंतर मोजून देणाऱ्या एका संकेतस्थळाने जी रेषा काढून दाखवली, ती रशिया, नॉर्वे आणि आइसलँडवरून जाते. इतके उत्तरेला चढून अंतर कमी कसे होते, हे मला उमगलेले नाही.

तिसरा प्रश्न खरा निर्णयाचा आहे. आमच्या नेहमीच्या एजंटने इस्तंबूलमार्गे जाण्याचा पर्याय सुचवला आहे. त्यात भाडे कमी आहे आणि आईला मध्ये उठून चालता येईल. बाबांचे म्हणणे मात्र असे, की एवढा वळसा घेण्यात अर्थ नाही. हा वळसा नेमका किती किलोमीटरचा पडतो, हे कुणी आकड्यांनिशी सांगू शकेल का?

पाचपाखाडीकर

परतीला वेळ कमी लागतो तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे अमेरिकेहून पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला तिच्या गतीची साथ मिळते आणि जाणाऱ्या विमानाला तिच्या विरुद्ध जावे लागते. बाकी थेट विमान मिळत असेल तर थेटच घ्यावे, असे माझे मत आहे.

भूगोल-नौपाडा

मी ठाण्यातील शाळेत भूगोल शिकवत असे, आता निवृत्त आहे. प्रश्न अतिशय चांगला आहे आणि त्यातील तिन्ही शंका एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पृथ्वीच्या फिरण्याविषयी, कारण हा समज फार पसरलेला आहे. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकतो, तर आपल्या अक्षांशावर हाच वेग १,५८० किलोमीटरच्या जवळपास आहे. परंतु पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असते आणि विमान त्या वातावरणात उडते. धावत्या लोकलच्या डब्यात एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत आपण कोणत्याही दिशेने चाललो तरी सारखाच वेळ लागतो, तसेच हे आहे. या फिरण्याचा थेट फायदा किंवा तोटा खरोखर होत असता, तर जाण्यायेण्याच्या वेळेत दीड तासाचा नव्हे, तर कितीतरी मोठा फरक पडला असता. तो फरक वाऱ्यामुळे पडतो. वाऱ्यांची दिशा ठरवण्यात पृथ्वीच्या परिवलनाचा वाटा निश्चित आहे, पण विमानाला ढकलतो तो वाराच.

आता मार्ग. घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर मुंबईपाशी दोऱ्याचे एक टोक अंगठ्याने दाबून धरावे, दुसरे टोक न्यूयॉर्कवर ठेवावे आणि दोरा ताणावा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि जिथे स्थिरावतो, ती रेषा म्हणजे त्या दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर. हा दोरा मुंबईहून निघून सौराष्ट्र आणि कच्छच्या रणावरून सिंधमध्ये शिरतो, मग अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तान ओलांडून रशियात जातो, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वेचा ट्रॉन्डहाइम परिसर गाठतो. आइसलँडच्या थोडे अलीकडे तो सर्वांत वर, म्हणजे जवळजवळ ६५ अंश उत्तरेला पोहोचतो. पुढे आइसलँड ओलांडून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून तो कॅनडाच्या लॅब्राडोर भागात उतरतो आणि अमेरिकेच्या मेन राज्यावरून न्यूयॉर्कला येतो. याची लांबी सुमारे १२,५३० किलोमीटर भरते. आपण नकाशात पाहता ती सरळ रेषा, म्हणजे दिशा न बदलता अरबस्तान आणि आफ्रिकेवरून जाणारी, गोलावर मोजली तर १४,२०० किलोमीटरची निघते. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ध्रुवांकडचा प्रदेश आडवा ताणून दाखवलेला असतो, त्यामुळे उत्तरेकडून जाणारी वाट आपल्याला लांबची वाटते, आणि प्रत्यक्षात तीच १,७०० किलोमीटरने जवळची असते. नववीच्या मुलांना हे तोंडी सांगून कधी पटत नसे, परंतु दोरा त्यांच्या हातात दिला की पुढे काही सांगावे लागत नसे. आपणही बाबांना एकदा हा दोरा ताणून दाखवावा.

मात्र सिंध, अफगाणिस्तान आणि रशिया ही नावे पुन्हा वाचावीत. साडेबारा हजारांचा आकडा भूमितीच्या दृष्टीने अचूक आहे, परंतु त्या दोऱ्यावरून आज कोणतेही विमान जसेच्या तसे जात नाही. त्याबद्दल या क्षेत्रात काम केलेल्या कुणी लिहावे.

सागरविहार-वाशी

सर, ग्रीनलंडच्या टोकापर्यंतची वाट इतकी स्पष्ट कधी कुणी सांगितली नव्हती. आभारी आहे.

नेरूळ पूर्व

मी बरीच वर्षे विमानांच्या उड्डाण नियोजनाचे काम केले आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी त्या दिवसाचा वारा, वजन, इंधन आणि खुल्या हवाई हद्दी पाहून मार्ग आखणे, हेच ते काम. सरांनी जिथे सोडले तिथून पुढे लिहितो.

पहिली गोष्ट हवाई हद्दींची. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपल्या हद्दीतून जाण्यास मनाई केली. त्याआधी बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळातही तसेच घडले होते. युक्रेनची हद्द २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. रशियाची हद्द भारतीय कंपन्यांना खुली असली, तरी अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून बंद आहे. त्यामुळे मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे विमान कोणत्या देशाच्या कंपनीचे आहे यावरही त्याची वाट अवलंबून असते. यात दिल्लीच्या तुलनेत मुंबई सुदैवी आहे. आपण किनाऱ्यावर असल्याने विमान निघताच अरबी समुद्रावर जाते आणि आखाताच्या दिशेने वळते, तर दिल्लीच्या विमानाला आधी गुजरातपर्यंत दक्षिणेला उतरून मग पश्चिमेला वळावे लागते. २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नाला थांबावे लागले, ते याच कारणाने. आपल्या मार्गाची प्रत्यक्ष लांबी १२,९०० किलोमीटर धरली, तर ती वास्तवाच्या जवळ राहील. पश्चिम आशियातील परिस्थिती बिघडली की इराण किंवा इराकची हद्दही अचानक बंद होते आणि त्या दिवशी हा आकडा आणखी वाढतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि कोलशेतवासी ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विमाने याच उंचीवर उडतात. या वाऱ्यांचा वेग ताशी १५० ते २५० किलोमीटर सहज असतो आणि हिवाळ्यात तो त्याहूनही वाढतो, कारण ध्रुवीय प्रदेश आणि उष्ण कटिबंध यांच्या तापमानातील तफावत तेव्हा सर्वाधिक असते. जाताना मार्ग आखताना आम्ही या प्रवाहाला शक्य तितके टाळतो आणि येताना मुद्दाम त्याच्यात शिरतो. टाळूनही तो पूर्ण टळत नाही.

हिशेब असा करून पाहा. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० आहे. जाताना संपूर्ण मार्गावर सरासरी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जमिनीच्या संदर्भात वेग ८४० राहतो आणि १२,९०० किलोमीटरला १५ तास २० मिनिटे लागतात. येताना तेवढाच वारा पाठीमागून मिळाला, तर वेग ९६० होतो आणि तेच अंतर १३ तास २५ मिनिटांत कापले जाते. वारा मुळीच नसता, तर दोन्ही वेळा १४ तास २० मिनिटे लागली असती. म्हणजे समोरचा वारा जेवढा वेळ खातो, तेवढा पाठीमागचा वारा परत देत नाही, कारण विमान संथ असताना त्या वाऱ्यात अधिक काळ राहते. येण्याजाण्याची बेरीज केली, तर वारा नेहमी थोडा तोट्यातच टाकतो.

तिसरी गोष्ट तिकिटावरील वेळेची. ती वेळ चाके जमीन सोडल्यापासून नव्हे, तर विमान दारापासून मागे ढकलले जाते तेव्हापासून मोजली जाते आणि उतरल्यावर विमान दुसऱ्या दाराशी उभे राहीपर्यंत धरली जाते. धावपट्टीपर्यंत सरकणे, रांगेत थांबणे, हळूहळू उंची गाठणे आणि उतरण्याआधी वेग कमी करणे या सगळ्यांत अर्धा ते पाऊण तास जातो. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर संध्याकाळच्या गर्दीत तर उड्डाणाची रांगच मोठी असते. वरच्या दोन आकड्यांत हा वेळ मिळवला, की आपले १६ तास आणि साडेचौदा तास जवळजवळ जुळतात.

आणखी एक तपशील सांगण्यासारखा आहे. या मार्गावर वापरल्या जाणाऱ्या बोइंग ७७७-३००ईआर विमानाच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावते. इतके ओझे घेऊन निघालेले विमान सुरुवातीला फार वर चढू शकत नाही. इंधन जळून वजन कमी होत जाते तसे ते टप्प्याटप्प्याने वर सरकते. समोरच्या पडद्यावर उंचीचा आकडा तासातासांनी बदललेला दिसतो, तो यामुळे. बाबांना अशा गोष्टींत रस असेल तर त्यांनी तो पडदा जरूर पाहत राहावे.

खारघर सेक्टर १२

माझी एक पूरक शंका. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. पुढे अमेरिकेची विमाने तिथूनच सुटू लागली, तर अंतरात किंवा वेळेत फरक पडेल का?

नेरूळ पूर्व

आकाशातील वेळेत पडणार नाही. सहारचा विमानतळ आणि उलव्याजवळचा नवा विमानतळ यांच्यात सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटरचे अंतर आहे, आणि ते विमानाला दोन मिनिटांहून कमी आहे. फरक पडेल तो आपल्या घरून निघण्याच्या वेळेत. खारघरकरांना आणि पनवेलकरांना त्याचा मोठा दिलासा आहे. ताई कोलशेतला राहतात, त्यांच्यासाठी सहारच जवळ.

कोलशेतवासी

सर, आणि नेरूळचे काका, दोघांचेही मनापासून आभार. सोळा तासांचा हिशेब आता पूर्ण लक्षात आला. इस्तंबूलच्या वळशाबद्दल मात्र अजून कुणी लिहिलेले नाही आणि बाबा त्याच मुद्द्यावर अडून बसले आहेत. तेवढे सांगाल का?

भूगोल-नौपाडा

हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यासाठी स्वतंत्र लिहितो.

मुंबई ते इस्तंबूल हे गोलावरचे अंतर सुमारे ४,८३० किलोमीटर आणि इस्तंबूल ते न्यूयॉर्क सुमारे ८,०३० किलोमीटर आहे. बेरीज १२,८६० होते. थेट दोऱ्याच्या १२,५३० शी तुलना केली, तर वळसा केवळ ३३० किलोमीटरचा, म्हणजे विमानाच्या वेगाने बावीस मिनिटांचा आहे. नेरूळच्या काकांनी सांगितलेली प्रत्यक्ष वाट १२,९०० किलोमीटरची असेल, तर थेट जाणारे विमानही जवळजवळ तेवढेच अंतर कापते. दुबईमार्गे बेरीज १२,९२५ च्या आसपास येते. लंडनमार्गे तर ७,२१० आणि ५,५४० मिळून १२,७५० किलोमीटरच होतात.

याचे कारण असे, की मार्ग जितका लांब तितका त्याच्या मधल्या भागात बाजूला सरकणे स्वस्त पडते. दोऱ्याच्या मध्याजवळ बोट लावून तो किंचित बाजूला ओढला, तर एकूण लांबी फारशी वाढत नाही. मार्ग ज्या दिशेला जातो त्याच बाजूला थांबा असला पाहिजे, एवढीच अट आहे. सिंगापूरमार्गे न्यूयॉर्कला जायचे ठरवले, तर ३,९२० आणि १५,३४० मिळून १९,२६० किलोमीटर होतील. वळसा म्हणायचा तो त्याला.

एअर इंडियाच्या इतिहासातही हे दिसते. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. १४ मे १९६० रोजी बोइंग ७०७ ने न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, ती लंडनमार्गे. मुंबई ते न्यूयॉर्क अशी त्यांची विनाथांबा सेवा १ ऑगस्ट २००७ रोजी आली. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत जे थांबे घेतले गेले ते विमानांची इंधनक्षमता कमी होती म्हणून, आणि त्यांनी किलोमीटर फारसे वाढवले नाहीत.

तेव्हा बाबांना अंतराची काळजी करू नका असे सांगा. थांब्याने वाढतो तो वेळ, आणि तो वळशाचा नसून जमिनीवरचा असतो.

नेरूळ पूर्व

सरांशी पूर्ण सहमत आहे. जमिनीवरच्या वेळेचा तपशील देतो. दोन टप्पे झाले की उतरणे, सरकणे, पुन्हा सरकणे आणि पुन्हा उंची गाठणे हे सगळे दुसऱ्यांदा करावे लागते, त्यामुळे दोन्ही टप्प्यांची तिकिटावरील वेळ मिळून सतरा-अठरा तास होतात. त्यात मधला मुक्काम मिळवावा. दोन तासांहून कमी मुक्काम वयस्कर माणसांसाठी मी कधीही सुचवणार नाही, कारण पहिले विमान जानेवारीच्या वाऱ्यात पाऊण तास उशिरा पोहोचणे ही अगदी सामान्य बाब आहे. साडेतीन-चार तासांचा मुक्काम धरला, तर घरच्यांनी एकवीस-बावीस तासांची तयारी ठेवावी.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असणे मात्र अत्यावश्यक आहे. पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले, तर एका तिकिटावर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची असते. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे जोडून घेतली, तर ती जबाबदारी कुणाचीच राहत नाही. एजंटने दाखवलेले भाडे कमी का आहे, हे या दृष्टीने एकदा विचारून घ्यावे.

सागरविहार-वाशी

माझ्या सासूबाई थेट विमानानेही गेल्या आहेत आणि मध्ये थांबा घेऊनही. त्यांचे गुडघे कोलशेतवासी ताईंच्या आईंसारखेच आहेत, म्हणून अनुभवाने लिहिते.

थांब्यावर चालता येते हे खरे आहे, परंतु मोठ्या विमानतळावर चालणे फार होते आणि ते आपल्या सोयीने होत नाही. व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करावी, निदान प्रवासाच्या ४८ तास आधी तरी कंपनीला कळवावे आणि दोन्ही टप्प्यांसाठी ती नोंद झाली आहे का हे तपासावे. आमच्या वेळी पहिल्या टप्प्याची नोंद होती, दुसऱ्याची नव्हती, आणि सासूबाईंना अनोळखी ठिकाणी बराच वेळ उभे राहावे लागले. तेव्हापासून मी दोन्ही टप्पे स्वतः फोन करून विचारते.

थेट विमानात सोळा तास बसावे लागते, असे मात्र समजू नये. जागा मधल्या वाटेलगतची घ्यावी, म्हणजे कुणाला न उठवता ये-जा करता येते. चार तासांहून लांब प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून जागेपणी तासा-दीड तासाने उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत आणि पाणी पीत राहावे. सासूबाई तिथे उभ्या राहून आसनाच्या पाठीला धरून टाचा वर-खाली करीत असत. हवाई सुंदरीही त्यांना आपणहून जागा करून देत. दाबमोजे घालावेत की नाही आणि नेहमीच्या गोळ्या कोणत्या वेळी घ्याव्यात, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात.

दोन्ही प्रकार पाहून माझे मत असे झाले आहे, की ज्यांचे गुडघे दुखतात पण ज्यांना विमानात झोप लागते, त्यांनी थेट जावे. ज्यांना झोपच लागत नाही, त्यांना थांबा बरा. आपल्या आईंना रात्री प्रवासात झोप लागते का, यावर पुष्कळ ठरेल.

कोलशेतवासी

वाशीच्या ताई, नेमके हेच मला हवे होते. आईला गाडीत, बसमध्ये कुठेही झोप लागते. बाबांना दोरा ताणून दाखवला. शेजारच्या मुलाचा पृथ्वीगोल आणला होता. ग्रीनलंडपर्यंत दोरा पोहोचल्यावर त्यांनी स्वतःच इस्तंबूलवर बोट ठेवून तो ओढून पाहिला आणि वळसा नाही हे मान्य केले. तरीही आईच्या झोपेचा विचार करून आम्ही जाताना थेट विमान घेण्याचे ठरवत आहोत. येताना वारा पाठीशी असल्याने वेळ कमी आहेच, त्यामुळे तेव्हाही थेटच.

शेवटची एक शंका. विमान मुंबईहून रात्री दीड वाजता सुटते. बहिणीने तिकडे विमानतळावर किती वाजता यावे आणि आम्ही कोलशेतहून कधी निघावे?

नेरूळ पूर्व

जानेवारीत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळे एक तास पुढे असतात, तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो. रात्री दीडमध्ये सोळा तास मिळवले, की आपल्याकडे त्याच दिवशी संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील आणि न्यूयॉर्कला सकाळचे सात. तारीख तीच राहील. इमिग्रेशन आणि सामान मिळण्यास दीड ते दोन तास लागतात, व्हीलचेअर असल्यास रांग बहुधा वेगळी मिळते. बहिणीने साडेआठपर्यंत पोहोचावे. जानेवारीत तिकडे बर्फ पडत असेल, तर निघण्यापूर्वी विमान खरोखर कुठे आहे हे तिने फोनवर पाहून घ्यावे.

परतताना तारीख बदलते, ती लक्षात ठेवा. तिकडून दुपारी बाराला निघालेले विमान साडेचौदा तासांनी उतरेल, तेव्हा मुंबईत दुसऱ्या दिवशीची दुपारचा एक ही वेळ असेल. त्यांना आणायला जाणाऱ्याने तिकिटावरील उतरण्याची तारीख पाहावी, निघण्याची नव्हे.

कोलशेत ते सहार हे पंचवीस-तीस किलोमीटरचे अंतर आहे. विमानतळावर साडेनऊ-दहापर्यंत पोहोचायचे असेल, तर निघण्याची वेळ संध्याकाळच्या गर्दीत येते. घोडबंदर रस्ता, माजिवडा आणि पुढे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता या तिन्ही ठिकाणी गाड्या अडकतात. आठच्या आत निघावे, आणि आईंना रात्रीचे जेवण घरीच देऊन निघावे.

कोलशेतवासी

साडेसातला निघतो. बहिणीला साडेआठची वेळ आणि परतीची तारीख दोन्ही आत्ताच कळवते.